सुतकाचं कलम

३ फेब्रुवारी २०२५

इतिहास लिहायचा म्हणे! संघटनेला यंदा पाच वर्षं होणार, स्मरणिका काढायची, आणि इतिहास मी लिहायचा. कारण मी सेक्रेटरी, आणि फौजेत असल्यापासून रोज चार ओळी खरडायची मला खोड. मीटिंगमध्ये सगळ्यांनी एकदम माना डोलावल्या. दुसऱ्याच्या गळ्यात काम पडलं की आमच्या लोकांचं एकमत लगेच होतं.

सतरा वर्षं फौजेत जनरेटर सांभाळले. तिथं युनियन हा शब्दसुद्धा तोंडातून काढायचा नसतो – हुकूम आला की ‘जी साब’. पेन्शन घेऊन वाडीला आलो तर मालिकेच्या शूटिंगवर पुन्हा जनरेटरच नशिबी. वर युनियनचा सेक्रेटरी! आमच्या सुभेदार साहेबांना कळलं तर ते पंजाबातून मला शिव्या घालायला येतील.

पहिली ओळ लिहिली : ‘वाई परिसर चित्रीकरण कामगार संघटनेची स्थापना सन २०२० मध्ये झाली.’ पुढं काही सुचेना. राहू दे.

५ फेब्रुवारी

संघटना सुरू कशी झाली ते एकेकाला विचारत हिंडलो. चूकच केली.

उदयसिंहदादा – माझा थोरला चुलतभाऊ, भावकीतला कारभारी, मालिकेत गर्दीतला पाटील – म्हणाला, “माझ्या वट्यावर बसून ठरलं सगळं. ते आदी ल्ही.” जोतीराम लाइट खात्याचा मुकादम. तो म्हणाला, “दिवं आमी बंद केलं म्हनून झाली संघटना. न्हाईतर काय हुतं?” ड्रायव्हर म्हणतात गाड्या आम्ही थांबवल्या. सगळ्यांनीच सुरू केली तर बंद कुणी पाडणार होतं कोण जाणे.

घरी आलो. विजयमाला भाकरी थापत होती. माझी बायको पाच वर्षं त्याच मालिकेत शेजारीण म्हणून उभी राहते, गावात आता तिला माझ्यापेक्षा जास्त लोक ओळखतात. म्हणाली, “मनुमावशीला सोडून समद्या गावाला इचारलंसा व्हय?”

७ फेब्रुवारी

खरी गोष्ट अशी.

लॉकडाऊन सैल झाला, मुंबईत शूटिंग जमेना, तेव्हा मालिकावाले इकडं आले. वाडीतलं एक मोठं घर भाड्यानं घेतलं. गर्दीला माणसं वाडीचीच, म्हणजे बहुतेक आमची भावकी. दिवाळीच्या तोंडावर आमचे चुलते ज्ञानूअण्णा गेले. तिसऱ्या दिवशी बारशाचा सीन. बायकांनी हळदीकुंकू लावून, नव्या साड्या नेसून पाळणा म्हणायचा. बायका म्हणाल्या, भावकीत मयत झालंय, आम्हाला सुतक आहे, जमणार नाही. तेव्हाचा मॅनेजर म्हणाला, ॲक्टिंगच करायची आहे, खरं बारसं थोडंच आहे? आज आला नाहीत तर पुन्हा बोलावणार नाही.

मनुमावशी उठली आणि गेटसमोर जाऊन मांडी घालून बसली. कपाळ मोकळं. एवढंच म्हणाली, “आमी रडायला येऊ. नाचायला न्हाई.”

तिच्या शेजारी विजयमाला बसली, मग बाकीच्या. दुपारी जोतीरामनं दिवे उतरवले. मी जनरेटरची व्हॅन बंद केली – सगळ्यात शेवटी, हेही लिहायला हवं. पुढच्या आठवड्यात करार झाला आणि त्यातून संघटना. त्या करारातलं सातवं कलम : भावकीत मयत झाल्यास आनंदाच्या सीनसाठी कुणाला बोलावू नये; दुःखाचे सीन चालतील. असलं कलम दुसऱ्या कुठल्या युनियनकडं असेल असं मला वाटत नाही. आम्हाला त्याचा लय अभिमान.

आता मनुमावशी कोण, हे स्मरणिकेत कसं लिहू? पूर्वी यात्रेला तंबूतला सिनेमा यायचा. तासगाव, कराड, करत करत आमच्याकडं. ती बायकांच्या गेटवर तिकिटं फाडायची. एका वर्षी तंबू पुढं गेला आणि ती राहिली – ज्ञानूअण्णांच्या घरात. अण्णा विधुर होते. लग्न म्हणून झालं नाही. भावकीच्या कार्याला तिला जेवायला बोलवायचे, पण ओवाळायला ताट कधी हातात दिलं नाही. अख्खी वाडी तिला मावशी म्हणते. चुलती कुणी म्हटलं नाही, मीही नाही. आणि मी सीमेवर असताना आमच्या लेकीच्या, दीपाच्या जन्माच्या वेळी विजयमालाच्या उशाशी बसली होती ती हीच.

१० फेब्रुवारी

शौनकनं बोलावलं. कंपनीचा मॅनेजर, पुण्याचा, तिशीचा पोरगा. मला काका म्हणतो. काका म्हणणाऱ्यावर नीट रागवता येत नाही, हाच त्याचा फायदा.

म्हणाला, “काका, महिनाअखेरीला करार नवा करायचाय. बाकी सगळं राहील. फक्त ते सातवं कलम मुंबईला नको आहे.” का, तर १७ तारखेपासून मालिकेत लग्नाचा मोठा सप्ताह. सगळं शूटिंग वाडीत. “ऐन लग्नात कुणी गेलं तर आम्ही काय करायचं? तुमच्या भावकीत ऐंशीच्या पुढची माणसंच किती आहेत, मी मोजलीत.”

मोजलीत म्हणे! मी म्हटलं, आमच्या म्हाताऱ्यांना सांगून ठेवतो, सप्ताह उरकेपर्यंत दम धरा. तो हसला नाही. शेवटी म्हणाला, कलमावर अडलात तर मुंबईत सेट लावतील, तसं बोलणं चाललंय.

शूटिंग गेलं तर वाडीतली निम्मी पोरं परत मुंबई-पुण्याला जातील. सातवं कलम ठेवलं तर शूटिंग जायची भीती, सोडलं तर मनुमावशीला तोंड कसं दाखवू?

११ फेब्रुवारी

मावशीला कराडला दवाखान्यात ठेवलंय. छाती भरली आहे. संध्याकाळी जाऊन आलो.

ती मात्र वेगळ्याच नादात. पाच वर्षांत पहिल्यांदा तिला डायलॉग मिळालाय! लग्नानंतर नवरी पाया पडते तेव्हा म्हणायचं, “नांदा गं सुखानं.” एवढंच. ऑक्सिजनची नळी बाजूला सारून मला म्हणून दाखवलं. एकदा हळू, एकदा मोठ्यानं. “कंचं बरं वाटतंय?” नर्सनं दोघांनाही झापलं.

इतिहासाचं विचारलं. गेटसमोर बसायचं कसं सुचलं? म्हणाली, “तंबूत आमचा वायरमन मेला हुता. मशिनीचा शाक बसून. दुपारी मेला, आन मालकानं रातचा खेळ लावला. त्यो पडद्यामागं झाकून ठेवल्याला आन पुढं मानसं हसत्याती. कुनीच काय बोललं न्हाई. बोलायचं आसतंय हेच ठावं न्हवतं.”

मग माझ्या हातावर थोपटून म्हणाली, “तुजं काम बी वायरमनचंच की रं. जपून.”

येताना एसटीत बसून राहिलो, वाईत उतरायचं ते पुढं गेलो. चालत आलो.

१३ फेब्रुवारी

मावशीचा ताप उतरला. चहात बिस्कीट बुडवून खाल्लं म्हणे. विजयमाला खूश.

१४ फेब्रुवारी

मनुमावशी गेली. सकाळी, विजयमाला तिचे केस विंचरत असताना.

दुपारी वाडीत आणलं. घाटावर सरण रचून झालं आणि प्रश्न निघाला – अग्नी कोण देणार? उदयसिंहदादा म्हणाला, “तासगावाकडं तिचं कोन हाय का बगा. आपून कसं द्यायचं?” माणसं नदीकडं बघायला लागली. मी पुढं झालो. मनात काही ठरवलं नव्हतं. विजयमालानं मागून पाठीत बोट खुपसलं, हे खरं कारण.

रडलो. फौजेत चार पोरांना खांदा दिला तेव्हा रडलो नव्हतो.

१५ फेब्रुवारी

शौनक भेटायला आला, विजयमालाशी चांगलं बोलला. मग मला बाजूला घेऊन – “काका, वाईट वाटतंय. पण सतराची तयारी झालीय. मी उदयसिंहकाकांना विचारलं. ते म्हणाले सुतक नाही.”

दादाकडं गेलो. दादा वट्यावर अडकित्ता घेऊन बसलेला. म्हणाला, “लगीन न्हाई, अक्षता न्हाईत. भावकीत धरलीच न्हवती, मग सुतक कसलं? कलमात काय ल्हिलंय? भावकी. तूच ल्हिलंयस की.”

खरंच आहे. मीच लिहिलं. ज्या बाईनं आमच्या भावकीचं सुतक धरायला लावलं तीच भावकीत नाही. फौजेत लिहिलेला हुकूम म्हणजे हुकूम. आता हा माझाच हुकूम माझ्याच मानेवर बसलाय.

“पाच वर्षांचं काम एका बाईपायी घालवशील गड्या,” दादा म्हणाला. त्याला वाईट वाटत होतं, ते मला दिसलं. पण सुपारी काही थांबली नाही.

१६ फेब्रुवारी

पारावर मीटिंग. सगळे सभासद – गर्दी, लाइट, सेटवर चहापाणी बघणारी स्पॉटची पोरं, ड्रायव्हर. मी उभा राहून सांगितलं, कलमाप्रमाणं आपल्याला थांबता येत नाही. भावकीनं सुतक नाकारलंय. मी स्वतः उद्या कामाला जाणार नाही, बाकीच्यांनी आपापलं बघा. असं मिळमिळीत बोललो की माझाच मला राग आला.

मग जोतीराम उठला. भावकीतला नाही तो, खालच्या आळीचा.

“मागल्या साली माजी आय गेली,” म्हणाला. “तिसऱ्या दिशी जावळाच्या सीनला दिवं मीच लावलं. समद्यास्नी ठावं हाय. सातवं कलम तुमच्या भावकीचं. आमी कवा म्हनलो का, आमचं बी सुतक धरा?”

त्या दिवशी त्याच्या दिव्यांना करंट माझ्याच व्हॅनमधून गेला होता.

“पर मावशी माझ्या आयच्या मातीला आलती. दिसभर बसलीती. उद्या मी दिवं लावणार न्हाई. तुमची भावकी काय म्हणती ते तुमी बगा.”

ड्रायव्हर म्हणाले आम्हीही. स्पॉटची पोरंही. मग विजयमाला उठली, “आन आमी बायका तर रडायला येनार, नाचायला न्हाई.” उदयसिंहदादा मीटिंगला आला नव्हता.

दीपाला सांगलीला फोन केला. ती विश्रामबागेत कॉलेजला आहे, स्मरणिका संगणकावर तीच जुळवते. सगळं ऐकून म्हणाली, “बाबा, इतिहास थांबवा. अजून संपलेला नाही.”

१७ फेब्रुवारी

सकाळी साताऱ्याहून बस आली. शौनकनं शहरातली माणसं आणली वऱ्हाडी म्हणून. मी व्हॅनशेजारी खुर्ची टाकून बसलो. जोतीरामची पोरं चिंचेखाली. मांडवात झेंडूच्या माळा, आणि दिवा एक नाही.

शौनक आला. “काका, कलमात भावकी लिहिलंय. ही भावकी नाही.”

“मग कलम चुकलंय,” मी म्हटलं. “आम्ही दुरुस्त करतोय.”

“शूटिंग जाईल हो काका.”

“जाईल.”

तो शहरातल्या बायकांकडं वळला, निदान त्यांना तरी तयार करू म्हणून. साड्यांच्या पेट्या उघडल्या. एका बाईनं सहज विचारलं – गाव एवढा गप का? कुणीतरी सांगितलं. झालं! त्या बायकांनी पेट्या मिटल्या. “मयताच्या गावात नव्या साड्या नेसून मिरवू व्हय आमी? आमाला बी लेकरंबाळं हाईत.” बसमध्ये जाऊन बसल्या. संघटनेच्या सभासदही नाहीत त्या.

शौनक मुंबईला फोनवर – “नहीं सर, स्ट्राइक नहीं है... नहीं, डिमांड भी नहीं है... सर, स्ट्राइक होता तो मैं संभाल लेता.” मला हसू आलं, तेवढ्यात त्याचा चेहरा बघून आवरलं. शौनक वाईट पोरगा नाही. हे लिहून ठेवतो, कारण आज मला त्याचा फार राग आला होता.

१८ फेब्रुवारी

मुंबईचं उत्तर नाही. वाडीत जो तो फोनकडं बघतोय. उदयसिंहदादा समोरून आला, मला बघून दुसऱ्या गल्लीला वळला.

१९ फेब्रुवारी

तोडगा निघाला. लग्न पुढं ढकललं, आणि मालिकेतले आजोबा जायचा जो भाग नंतर होता तो आधी. शौनकनंच मुंबईला सुचवलं : “ते रडायला येतात सर.”

दिवे लागले. व्हॅन सुरू केली. अंगणात आजोबांचा देह, भोवती बायका. डायरेक्टरनं कट म्हटलं तरी बायका थांबेनात. विजयमाला तर उठेचना. आजोबा झालेला नट शेवटी उठून बसला आणि तिला पाणी दिलं. एका टेकमध्ये झालं. शौनक कोपऱ्यात पाठ करून उभा होता.

२३ फेब्रुवारी

दहावा. घाटावर मी, आणि माझ्यामागं रांग. जोतीराम आणि त्याची सगळी पोरं, ड्रायव्हर, स्पॉट. न्हावी म्हणाला, “आवं, एका म्हातारीला एवढी डोकी?” वस्तरा दोनदा बदलला त्यानं.

मी पिंड मांडत होतो. मान वर केली तर उदयसिंहदादा न्हाव्यापुढं बसलेला. टोपी काढून मांडीवर ठेवली होती. न्हाव्याला म्हणाला, “मिशीला हात लावू नगंस. बाकी काढ.” मला म्हणाला, “अण्णांनी जाताना मला सांगितलं हुतं, तिला बगा म्हनून. मी काय बगितलं?” एवढंच. मग दर्भ कुठं ठेवलाय म्हणून माझ्यावरच खेकसला.

२८ फेब्रुवारी

तेरावा परवा उरकला. आज लग्न. सगळे वऱ्हाडी पुरुष गुळगुळीत! शौनकनं डोक्याला हात लावला – मागच्या भागात या सगळ्यांना केस आहेत. मग जोतीरामच म्हणाला, लग्न हाय, फेटं बांधा की. फेटेवाल्याचे हाल. तासलेल्या डोक्यावर फेटा ठरत नाही, गोल फिरतो. पिना लावून लावून बसवले. मंगलाष्टकांत उदयसिंहदादाचा फेटा डोळ्यांवर आला तो तसाच राहिला, पाटील आंधळेपणानंच अक्षता टाकत होता.

मावशीचा डायलॉग विजयमालाला दिला. नवरी वाकली. हिनं डोक्यावर हात ठेवला, म्हणाली, “नांदा गं सुखानं.” हळू म्हणाली, मावशीनं पहिल्यांदा म्हणून दाखवलं होतं तसं.

संध्याकाळी करारावर सह्या. मुंबईनं कलम काढायचा आग्रह सोडला. कदाचित रडायचा भाग चांगला चालला म्हणून असेल, त्यांचं त्यांना ठाऊक. सातवं कलम नवीन : कुणाही सभासदाच्या घरी मयत झाल्यास, किंवा सभासद गेल्यास, सुतक सगळ्या सभासदांना. मजकूर जोतीरामनं सांगितला, मी लिहिला.

२ मार्च

इतिहासाची पहिली ओळ खोडली. नवी लिहिली : ‘आमची चुलती मनुबाई गेटसमोर बसली, तिथून ही संघटना सुरू झाली.’ दीपाला पाठवली. पुढचं भराभर सुचलं.

११ एप्रिल

शौनकचे वडील गेले. पुण्यात, पहाटे. इकडं सेटवर डोहाळेजेवणाची तयारी. मुंबईहून त्याला फोन – तुझ्याशिवाय आज कोण बघणार, दिवस काढ, संध्याकाळी निघ. तो अंगणात उभा राहून “हो सर, हो सर” म्हणत होता. मॅनेजर आमचा सभासद नाही. कुठल्याच कलमात बसत नाही.

जोतीरामनं माझ्याकडं बघितलं. दिवे तसेच खाली ठेवले. मी व्हॅनची चावी काढून खिशात टाकली आणि शौनकला म्हटलं, “साहेबास्नी सांग, सुतक हाय. आज आमी कुनी काम करत न्हाई. तू घरी जा बाळा.”

उदयसिंहदादानं स्वतःची गाडी काढली होती.